‘ऑन-रोड किंमत सरकारी, घासाघीस नको’ : हे खरे नाही

चवथ-दसऱ्याच्या तोंडावर म्हापसा-फोंड्याकडे एक निरोप फिरतोय : मोटरसायकलची ऑन-रोड किंमत (कर, विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची एकूण किंमत) सरकार ठरवते, शोरूममध्ये घासाघीस होत नाही, आणि विमा तिथलाच घ्यावा लागतो. यातले अर्धेच खरे आहे.

जीएसटी आणि रस्ता कर सरकारचे, त्यात कुणी सूट मागू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमाही नव्या दुचाकीला ५ वर्षांचा सक्तीचा, त्याचे दर ठरलेले.

पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. प्रत्येक विमा कंपनीचा हप्ता वेगळा असतो आणि तो बाहेरून घेता येतो. शोरूमचे कोटेशन फुगते ते बहुधा इथेच. ‘हँडलिंग’, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी हे सरकारी आकार नव्हेत. बिनधास्त खोडायला सांगा. हेल्मेट तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या दुचाकीसोबत गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच द्यायचे असते. पहिली गाडी हप्त्याने घेणाऱ्या पोरांची ही फसगत मला खरेच बघवत नाही. कोटेशन बाबवार लिहून घ्या, मगच आगाऊ रक्कम भरा.