जंगलातून प्रेरणा घेण्याआधी

कॉलेजच्या कलाविभागाने जवळच्या जंगलावर आधारित रेसिडेन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीचे निवासी कला-शिबिर, जाहीर केली की माहितीपत्रकात ‘प्रेरणा’ हा शब्द हमखास असतो, आणि मला नेमकी त्याच शब्दाची धास्ती वाटते. अशा दोन रेसिडेन्सींमध्ये मी मार्गदर्शक म्हणून काम केले आहे. पहिली तीन आठवड्यांची होती आणि एकविसाव्या दिवशी प्रदर्शन, हे आधीच ठरलेले होते. त्यामुळे मुले दुसऱ्या दिवसापासूनच भिंतीवर काय लावायचे याच्या विवंचनेत पडली. जंगलात एक फेरी मारायची, मोबाइलवर भरपूर छायाचित्रे काढायची आणि उरलेले दिवस स्टुडिओत बसून त्यांवरून चित्रे रंगवायची, असा क्रमच पडून गेला. प्रदर्शन देखणे झाले, पण त्यातली झाडे कुठल्याही जंगलातली म्हणून खपली असती. त्यांपैकी एखादे झाड नेमके कुठे उभे आहे, असे कोणी विचारले असते तर मुलांना सांगता आले नसते आणि, खरे सांगायचे तर, मलाही नाही.

दुसऱ्या वेळी मी एकच अट घातली. पहिले दहा दिवस प्रत्येकाने रोज ठरावीक वेळी एकाच झाडापाशी बसायचे. रंग नाहीत, कॅमेरा नाही. कुरकुर झाली, तीही रास्त होती, कारण चौथ्या दिवशी झाडाकडे पाहून खरोखरच कंटाळा येतो. एका विद्यार्थिनीने त्या कंटाळ्यातूनच खोडावर पातळ कागद धरून ग्रॅफाइटची कांडी आडवी घासायला सुरुवात केली. सालीच्या भेगा कागदावर भराभर उमटल्या, पण कमरेच्या उंचीवर एक जागा अशी होती की तिथे रोज पांढरा ठिपकाच राहायचा. बोट लावून पाहिले तर तिथे मोहरीएवढे भोक होते आणि खाली सालीच्या खाचेत चिमूटभर पिवळट भुसा साठलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावले, तेव्हा खोड पोखरणारी अळी आत काम करते आहे, असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून तिने तो भुसा रोज टिपून वहीच्या पानावर चिकटवला आणि खाली तारीख घातली. शेवटी तिने मांडले ते एवढेच: घासून उठवलेले दहा कागद आणि त्या वहीची उघडी पाने.

माझे म्हणणे हेच आहे की जंगलावरची कला जंगलाच्या माहितीशिवाय उभी राहत नाही, आणि ती माहिती पाहण्याच्या चिकाटीतून व जाणकारांच्या संगतीतून येते. माहितीच्या ओझ्याने कल्पनाशक्ती दबते, हा आक्षेप मी पुष्कळ ऐकला आहे. मला तो आळसाचा बचाव वाटतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधन-जंगलात हेमलॉक या सूचिपर्णी जातीची झाडे एका बारीक कीटकामुळे मरत आहेत. फांदीच्या खालच्या बाजूला कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. माहीत नसलेला माणूस त्याखालून खुशाल चालत जाईल. कलाकार डेव्हिड बकली बॉर्डन यांनी परिसंस्था-शास्त्रज्ञ ॲरन एलिसन यांच्या सोबतीने 2017 मध्ये त्याच जंगलातल्या पायवाटेवर ‘हेमलॉक हॉस्पिस’ ही शिल्पमालिका मांडली; हॉस्पिस म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा. मरणाऱ्या झाडांची शुश्रूषा ही कल्पना त्या कीटकाची ओळख असल्याखेरीज सुचणेच शक्य नव्हते.

मुदतीच्या बाबतीत अमेरिकेच्याच ओरेगन राज्यातल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलाचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे 2003 पासून लेखकांना बोलावून जंगलातल्या ठरावीक जागी पाठवले जाते, त्यांनी जे लिहिले ते जपून ठेवले जाते आणि हा क्रम 2203 पर्यंत चालवायचा संकल्प आहे. त्या जागांपैकी एका ठिकाणी पडलेले ओंडके कसे कुजतात याचा प्रयोग 1985 पासून सुरू आहे, आणि तोही दोनशे वर्षांचाच. 2023 च्या वणव्यात या जंगलाचा मोठा भाग होरपळला. त्यामुळे आधीच्या नोंदी आता, नाही म्हटले तरी, पूर्वस्थितीची साक्ष झाल्या आहेत.

फ्रान्समधल्या फाँतेनब्लो जंगलात तर चित्रकारांनी झाडे पाहत राहून जंगलाचा काही भागच वाचवला. थिओडोर रूसो आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे तिथल्या ओक वृक्षांची चित्रे काढत होते. झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा त्यांनी सरकारदरबारी दाद मागितली, आणि 1861 च्या हुकुमाने सुमारे 1,097 हेक्टर क्षेत्र चित्रकारांसाठी म्हणून राखले गेले. जगातले पहिले मानले जाणारे अमेरिकेतले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान 1872 चे, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी झालेले.

कॉलेजकडे दोनशे वर्षे मागण्यात अर्थ नाही, पण एक पूर्ण वर्ष मागता येईल, कारण पानगळ आणि पालवी दोन्ही पाहिल्याशिवाय झाड पाहिले असे मी म्हणणार नाही. क्षेत्र-वहीला, म्हणजे जंगलात बसून केलेल्या नोंदींच्या वहीला, प्रदर्शनाइतकेच गुण असावेत. मांडणीसाठी खोडात खिळे ठोकणे, सालीला रंग फासणे हे तर सरळ बंद व्हावे. जंगलावरच्या प्रेमापोटी जंगलात प्लॅस्टिकच्या दोऱ्या सोडून येणारे कलाकार मी पाहिले आहेत.

त्या विद्यार्थिनीची वही मी विभागाच्या कपाटात ठेवली आहे आणि पुढच्या तुकडीतल्या कोणाला तरी तेच झाड द्यायचे असे ठरवले आहे. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. झाड उभे आहे; भुसा मात्र आता दोन भोकांतून येतो.