पिस्टन साधा, पण आपल्या पाण्यात?

स्कूबा डायव्हिंगमध्ये सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या रेग्युलेटरचे दोन प्रकार: पिस्टन आणि डायफ्रॅम (लवचीक पडद्याचा). पिस्टनमध्ये हलते भाग कमी म्हणून तोच भरवशाचा, हे लेखातलं म्हणणं सरसकट पटत नाही. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडच्या गढूळ पाण्याचा विचार करा. साध्या पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये (सिलिंडरला जोडायचा, दाब कमी करणारा भाग) समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत शिरतं. गाळ, मीठ तिथेच बसतं आणि पावसाळ्यात सामान पडून राहिलं की मीठ सुकून ओ-रिंगची (गोल रबरी सीलची) वाट लागते. डायफ्रॅमला सुटे भाग जास्त, सर्व्हिसिंगही किचकट, पण आतली यंत्रणा कोरडी राहते. थंड पाण्यात रेग्युलेटर गोठण्याची भीती गोव्यात कुठली! भाड्याने घेणाऱ्यांनी एकच बघा: रेग्युलेटर सिलिंडरला न जोडता, टबात बुडवून धुताना कोणी पर्ज बटण (तोंडाकडच्या भागावरचं, हवा सोडणारं) दाबत असेल तर दुसरं दुकान गाठा. पाणी होजमधून (नळीतून) आत जातं.