‘एकाच पानावर दोन नियम’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. काम ठरल्यापेक्षा उशिरा हातात पडलं, त्याचा आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. दोन स्टारही मुकाट्याने घेतले असते. पण ‘एकाच पानावर दोन नियम लावलेत, साधा कॉमा कळत नाही आणि वर घरच्या चौकशा करतात’ हे वाक्य इथे तसंच राहिलं, तर पुढचा माणूस मजकूर पाठवायच्या आधीच मागे फिरेल. इंग्रजी प्रूफरीडिंगवरच माझं घर चालतं. म्हणून जरा लांबण लावतो, राग नसावा.

आपलं म्हणणं असं की आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या ऋणनिर्देशात पत्नीच्या नावाला आम्ही दोन्हीकडून कॉमा दिले आणि भावाच्या नावाचे, आपण स्वतः घातलेले, कॉमा काढून टाकले. वरवर बघणाऱ्याला ही धरसोडच वाटणार. पण सर, नियम दोन नाहीत, एकच आहे. एका नामाला लागून त्याच व्यक्तीची किंवा वस्तूची ओळख सांगणारं दुसरं नाम आलं की इंग्रजी व्याकरणात त्याला अपॉझिटिव्ह म्हणतात. त्याला कॉमा द्यायचा का, हे ठरवताना एवढंच बघायचं: ते नाव झाकलं तरी माणूस कोण ते कळतं का? कळत असेल तर नाव ही जादा माहिती, ती कॉमांच्या आत जाते. कळत नसेल तर ओळख त्या नावावरच अवलंबून असते, मग कॉमा द्यायचा नाही.

आपल्या घरचे तपशील चारचौघांत मांडणं बरं नव्हे, म्हणून मारी क्युरींचं उदाहरण घेतो. ‘हर हजबंड, पिएर, डाइड इन १९०६’ इथे दोन कॉमा, कारण त्यांचं लग्न एकदाच झालं होतं. ‘हर डॉटर इरेन वन अ नोबेल प्राइझ इन १९३५’ इथे एकही नाही, कारण मुली दोन, इरेन आणि एव्ह. इथे कॉमा घातले तर इंग्रजी जाणणारा वाचक समजणार की मुलगी एकच होती. व्याकरण कुठेच मोडलेलं नाही आणि एव्ह मात्र घरातून नाहीशी!

आता सांगा, भाऊ किती हे विचारल्याशिवाय मी तो कॉमा कसा ठरवायचा? फाइलच्या कडेला कॉमेंटमध्ये ‘आपल्याला भाऊ किती?’ एवढंच विचारलं होतं. त्यावर ‘याचा इथे काय संबंध?’ असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तर उत्तरच नाही. शेवटी प्रस्तावनेत ‘माय ब्रदर्स’ असं अनेकवचन सापडलं आणि त्यावर निर्णय घेतला. उशिराचं सगळं खापर आपल्यावर फोडत नाही, पण तो काळ आमच्या खात्यावर का मांडलात, हे कळलं नाही.

पुस्तकांची संख्या विचारली तीही याच कारणासाठी. शनीला चंद्र पुष्कळ, म्हणून ‘सॅटर्न्स मून टायटन’ला कॉमा नाही. ‘सॅटर्न्स लार्जेस्ट मून, टायटन,’ म्हटलं की कॉमा आले, कारण सर्वांत मोठा एकच असतो. आपल्या ‘माय फर्स्ट बुक’नंतरच्या नावाला म्हणून कॉमा आहेत आणि पुढच्या ओळीतल्या नुसत्या ‘माय बुक’नंतर नाहीत. आपण याला निष्काळजीपणा म्हटलंत. आमच्या कामात यालाच काळजी म्हणतात.

एक मात्र मान्य करतो. ‘माय वाइफ’पुढे एकच शब्दाचं नाव असेल तर तिथे कॉमा न देणारे जाणते संपादकही आहेत. वाचताना आपण तिथे थांबत नाही, असा त्यांचा मुद्दा असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. मी कडक बाजूचा माणूस आहे. आपण आधी सांगितलं असतं तर सैल पद्धतीने केलं असतं.

पण सगळ्यात लागलं ते फोटोचं. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत पत्नीच्या नावाआधी कॉमा दिसतो, नावानंतर दिसत नाही. आम्ही दिलेल्या फाइलमध्ये दोन्ही आहेत, आपल्या मेलमध्ये ती अजून असेल, उघडून पाहा. वाक्याच्या मध्ये असलेल्या अपॉझिटिव्हला कॉमा द्यायचे तर दोन्हीकडून, नाहीतर एकही नाही. राज्यघटनेचं पहिलंच कलम बघा: ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.’ यातला ‘भारत’नंतरचा कॉमा काढला तर वाक्य लंगडं होईल. तो दुसरा कॉमा नंतर कोणी काढला मला माहीत नाही, पण त्याचा फोटो आमच्या नावावर लागला.

डॅशबद्दलही लिहिलं आहे, ‘फॅशन म्हणून टाकलेत’ असं. तीन मित्रांची नावं एका ओळीत होती आणि त्यांच्यामध्ये आधीच कॉमा होते. ‘द फोर जायंट प्लॅनेट्स, ज्युपिटर, सॅटर्न, युरेनस अँड नेपच्यून, हॅव रिंग्ज’ असं लिहिलं तर कुठला कॉमा यादीतला आणि कुठला बाहेरचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? म्हणून बाहेरच्या दोन जागी डॅश. नावं वाक्याच्या शेवटी आली असती तर कोलन दिला असता. गाइडच्या हुद्द्याचं तर बोलायलाच नको. ‘प्रोफेसर’ नावाच्या आधी लागून आला की तो नावाचाच भाग होतो, दोन्हींच्या मध्ये कॉमा येत नाही, आणि तो कॉमा काढला म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

यापुढे असा प्रश्न विचारताना तो का विचारतोय हेही दोन शब्दांत लिहू. वेळेचंही बघतो, मदतीला कोणी घेता आलं तर घेणार आहे.

पुस्तक पुन्हा छापायला जाण्याआधी ते एक पान पाठवा. कॉमा जागेवर लावून लगेच परत करतो, त्याचे पैसे लावणार नाही. आणि जमलं तर तेवढा फोटो बदलावा, ही विनंती.

आपला नम्र,
प्रूफरीडर आणि मालक, दोन्ही मीच