दोन फोटो, तेरा वर्षं आणि न संपलेले घोडे

न्यू यॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूचे ते दोन फोटो तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोहोचले असतील. पहिला 1900 च्या ईस्टरचा: रस्ताभर घोडागाड्या, आणि ‘यातली मोटार शोधा’ असं आव्हान. दुसरा 1913 च्या ईस्टरचा: रस्ताभर मोटारी, आणि आता ‘घोडा शोधा’. सोबतचा मजकूर साधारण असा असतो: अवघ्या तेरा वर्षांत मोटारीने घोड्याला हद्दपार केलं, सामान्य माणसाने घोडागाडी सोडून मोटार घेतली, भल्याभल्यांना त्याचा सुगावा लागला नाही, आणि आता विजेवरच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांचं हेच करणार. जुन्या मोटारींचे फोटो भिंग लावून बघणाऱ्या आमच्यासारख्यांना ही जोडी फार प्रिय आहे. तिच्या खालचा मजकूर मात्र जवळजवळ ओळीगणिक चुकतो.

फोटो बनावट आहेत का? नाही. पहिला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला आहे, दुसरा लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या बेन या वृत्तछायाचित्र-संस्थेच्या संग्रहातला. तो विषय इथेच मिटला.

आता ‘अवघ्या तेरा वर्षांत घोडे गेले’ या मुख्य दाव्याकडे वळू. मथळ्यात ‘ईस्टर’ हा शब्द ढळढळीत असतो, पण त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. ईस्टर नेहमी रविवारी येतो. 1900 साली तो 15 एप्रिलला होता, 1913 साली 23 मार्चला, आणि दोन्ही रविवारच. शहरातले बहुसंख्य घोडे बग्ग्यांना नव्हे, मालाच्या गाड्यांना जुंपलेले असत: कोळसा, बर्फ, दूध, बिअरची पिंपं, गोदीवरचा माल. रविवारी यातला बराच मोठा भाग तबेल्यात. त्यात ईस्टरच्या सकाळी चर्चमधून बाहेर पडून नवे कपडे, नव्या टोप्या आणि नवं वाहन मिरवण्याची फिफ्थ अव्हेन्यूची खास रीत होती. म्हणजे दोन्ही फोटोंत आपल्याला शहराची रोजची रहदारी दिसत नाही, श्रीमंतांची वर्षातली ठरलेली मिरवणूक दिसते. 1900 मध्ये मिरवायला देखणी बग्गी होती, 1913 मध्ये मोटार.

रस्ताही नेमका तोच निवडला गेला आहे. फिफ्थ अव्हेन्यूवर ट्रामचे रूळ कधी पडले नाहीत, कारण तिथल्या बंगलेवाल्यांना ते दारात नको होते. त्यामुळे तिथे घोड्यांच्या बसगाड्या चालत राहिल्या, आणि 1907 मध्ये कंपनीने त्या काढून सगळ्या मोटारबस आणल्या. शहरातल्या इतर रस्त्यांची कथा वेगळी आहे. मॅनहॅटनच्याच ब्लीकर स्ट्रीटवर घोड्यांची ट्राम जुलै 1917 पर्यंत धावत होती. म्हणजे ‘घोडे संपल्याच्या’ फोटोनंतर चार वर्षं उलटल्यावरही त्याच बेटावर घोडा रुळांवरून डबा ओढत होता. न्यू यॉर्कच्या अग्निशमन दलाने आपले शेवटचे घोडे डिसेंबर 1922 मध्ये निवृत्त केले. 1913 च्याच सुमाराचे पूर्वेकडच्या गरीब वस्तीचे किंवा गोदीचे कामाच्या दिवशीचे फोटो काढून बघा, मोटार शोधायला भिंग लागेल.

शहराबाहेर पाहिलं तर दावा पारच कोसळतो. अमेरिकेच्या शेतांवरचे घोडे आणि खेचरं 1900 नंतर कमी झाली नाहीत, उलट वाढली. 1915 च्या सुमाराला त्यांची संख्या अडीच कोटींच्या वर होती आणि तोच तिचा कळस. ट्रॅक्टर तेव्हा कुठे यायला लागला होता. 1920 च्या गणनेत साऱ्या देशातल्या शेतांवर मिळून अडीच लाखसुद्धा ट्रॅक्टर भरले नाहीत.

‘सामान्य माणसाने मोटार घेतली’ हे त्यातलं सर्वांत सैल वाक्य. 1913 मध्ये अमेरिकेत साडेबारा लाखांच्या आसपास मोटारवाहनांची नोंद होती आणि लोकसंख्या सुमारे 9 कोटी 70 लाख, म्हणजे सत्तर-ऐंशी माणसांमागे एक वाहन. 1900 च्या आठ हजारांपुढे ही झेप प्रचंडच आहे, ती कोण नाकारतंय? पण फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात मॉडेल टी या गाडीची चालती जुळणी-साखळी (गाडी पुढे सरकत जाते आणि कामगार जागेवरूनच भाग बसवतात) सुरू झाली ऑक्टोबर 1913 मध्ये. ईस्टर होऊन तेव्हा सहा महिने लोटले होते. त्या साखळीमुळे सांगाडा जुळवायचा वेळ साडेबारा तासांवरून हळूहळू 93 मिनिटांवर आला, आणि गाडी खऱ्या अर्थाने साध्या माणसाच्या आवाक्यात आली ती त्यानंतर. दुसऱ्या फोटोतली गर्दी त्याआधीची आहे.

हे फोटो वाचायचे तर मोटारीइतकंच तिच्या आजूबाजूला बघावं लागतं, आणि खरी मजा तिथेच आहे. न्यू यॉर्क राज्याने 1901 पासून गाडीवर मालकाची आद्याक्षरं लावायला सांगितली, पण सरकारी नंबरप्लेट आली 1910 मध्ये. तेव्हा सरकारी प्लेट दिसली की 1910 च्या अलीकडे या. पुढच्या सीटला दारं नसलेली उघडी गाडी बहुधा 1910 च्या आधीची, दारं असलेली नंतरची. चौकात उंच सिग्नल-मनोरा दिसला तर 1920 किंवा पुढचं साल, कारण फिफ्थ अव्हेन्यूवर ते मनोरे तेव्हा उभे राहिले. घरांसमोरचे पुढे आलेले जिने शाबूत असतील तर फोटो बहुतेक रस्तारुंदीच्या आधीचा. 1908 नंतर ते जिने आणि अंगणं छाटून गाड्यांची वाट मोकळी केली गेली. माझ्या मते या रस्त्यावरचा सगळ्यात बोलका बदल हा छाटलेल्या जिन्यांचा आहे, पण त्यावर कोणी कोडं घालत नाही.

एक सावधगिरी रंगाबाबत. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला लाल रंग जवळजवळ काळा दिसे. म्हणून ‘तेव्हा सगळ्या गाड्या काळ्याच असत’ हा निष्कर्ष अशा फोटोंवरून काढू नये. मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळण्याचा काळ 1914 ते 1925 एवढाच आहे.

सुगावा न लागल्याच्या मुद्द्याला अनेकदा आणखी एक गोष्ट चिकटवलेली असते: 1894 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने पन्नास वर्षांत शहर नऊ फूट लिदीखाली गाडलं जाईल असं भाकीत केलं होतं. असा लेख त्या वर्षाच्या अंकांत सापडलेला नाही. लिदीचा त्रास खराच होता, भाकीत मात्र मागाहून रचलेलं आहे. आणि घोड्याला शहरात पहिला धक्का मोटारीने दिलाच नव्हता, तो दिला विजेच्या ट्रामने. 1890 मध्ये अमेरिकेतल्या ट्रामच्या बहुतेक रुळांवर घोडे होते, 1902 पर्यंत 97 टक्के रुळांवर वीज आली. पहिल्या फोटोतली ती एकुलती मोटार रस्त्यावर उतरली तेव्हा प्रवासी वाहतुकीतला घोडा आधीच मागे पडत होता.

राहिलं भाकीत. विजेच्या गाड्या जिंकतील की नाही हे या दोन फोटोंवरून ठरत नाही, आणि ज्यांना ते ठरवायचंच आहे त्यांनी पहिल्या फोटोच्या सालाचे आकडे आधी बघावेत. 1900 मध्ये अमेरिकेत बनलेल्या 4,192 मोटारींपैकी 1,681 वाफेवरच्या होत्या, 1,575 विजेवरच्या, आणि पेट्रोलवरच्या फक्त 936. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर तर विजेच्या टॅक्सी 1897 पासूनच धावत होत्या. तरी दुसऱ्या फोटोपर्यंत बाजी उलटली होती. पेट्रोलची गाडी सुरू करायला हॅंडल फिरवताना मनगट मोडण्याची भीती हे विजेच्या गाडीच्या बाजूचं एक मोठं कारण होतं, ते कॅडिलॅकने 1912 च्या मॉडेलमध्ये घातलेल्या इलेक्ट्रिक स्टार्टरने काढून घेतलं. विजेच्या गाडीचा ग्राहक पेट्रोलच्या गाडीने पळवला तो एका विजेच्याच मोटरच्या जोरावर.