चोच कुणाची वाढली?

“नैसर्गिक निवड आणि उत्क्रांती यांत फरक काय?” हा प्रश्न मी दर वर्षी विचारतो. यंदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, “काही नाही सर, एकाचं नाव लांब आहे.”

निम्मा दोष आपल्या शब्दांचाच. ‘निवड’ म्हटलं की पोरांना निवड समिती दिसते: निसर्ग चष्मा लावून टेबलामागे बसलाय आणि जिराफ रांगेत उभे आहेत. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ तर थेट वर बोट दाखवतो. म्हणजे जीवाणू नापास आणि माणूस पहिला. (माझ्या वर्गाकडे बघून मला तसं कधीच वाटलेलं नाही.)

म्हणून मी गलापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावरचे फिंच पक्षी काढले. १९७७ साली तिथे दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, टणक तेवढ्या उरल्या. जाड चोचीचे जास्त तगले, ही निवड. चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत उतरते, म्हणून पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली, ही उत्क्रांती. कुणाही पक्ष्याची स्वतःची चोच तसूभर वाढली नाही.

“कळलं?”

“कळलं सर. बिया फोडून फोडून चोच वाढली.”

वापरून वापरून अवयव वाढतो आणि ती वाढ पिल्लांत उतरते, असं मानणारे शास्त्रज्ञ लामार्क १८२९ साली वारले. माझ्या वर्गात त्यांची प्रकृती उत्तम आहे.

मग निवडीशिवायची उत्क्रांती. पॅसिफिकमधल्या पिंगेलॅप बेटावर १७७५च्या सुमारास वादळ झालं, जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्यांतल्या एकाकडे पूर्ण रंगांधत्वाचं जनुक असावं. आज तिथे शंभरातल्या पाच-दहा जणांना रंगच दिसत नाहीत. त्यात फायदा कसलाच नाही, निव्वळ योगायोग.

“म्हणजे वादळाने त्यांना निवडलं!” पहिला बाक. मी पाणी प्यायलो.

उरली ती उत्क्रांतीशिवायची निवड. तिचं उदाहरण मला पेपर तपासताना हातातच सापडलं. ‘गरज पडली म्हणून चोच वाढली’ या उत्तराचे गुण मी वर्षानुवर्षं न चुकता कापतोय. इतकी कडक निवड त्या दुष्काळालाही जमली नसेल. तरी पुढच्या तुकडीत तेच उत्तर, तितक्याच जणांचं. कारण पुढची तुकडी म्हणजे आधीच्या हुशार पोरांची पिल्लं नव्हेत!

हे मी वर्गात इतक्या आनंदाने सांगितलं की पोरंही हसली. तास संपताना मागच्या बाकाने मला धीर दिला, “टेन्शन घेऊ नका सर. आम्हाला गरज पडली की होईल.”