द्राक्षांचा वास

वाईन द्राक्षांची करतात, एवढं मला माहीत होतं. म्हणून परवा संध्याकाळी वाईन चाखायला शिकवणाऱ्या वर्गात, ग्लासात नाक घालून झाल्यावर बाईंनी "कसला वास येतोय?" असं विचारलं, तेव्हा मी "द्राक्षांचा" म्हणालो. अठरा माणसं हसली. सतराच हसली असती तर मी गप्प बसलो असतो. अठरावी माझी बायको होती.

लग्नाला तीन महिने झाले. हनिमून अजून व्हायचाय, कारण तो २४ रात्रींचा आहे आणि त्यात समुद्रकिनारे, पुतळे, संग्रहालयं असलं काहीही नाही. फक्त खाणं आणि वाईन. फ्रान्समधलं बोर्दो, तिथून स्पेनमधलं सान सेबास्तियन, मग परत फ्रान्समध्ये बरगंडी, इटलीतलं पीएमाँत आणि शेवटी पार्मा-मोदेना. कल्पना माझीच, कबूल आहे. लग्नाआधी एकदा लाडात येऊन मी म्हणालो होतो, "आपण नुसतं खात-पीत हिंडू." हिनं त्यातला 'नुसतं' त्याच रात्री खोडला आणि एक्सेल शीट उघडली.

त्या शीटनं माझी झोप घालवली आहे. फ्रान्समधल्या छोट्या गावांत दुपारचे दोन वाजले की स्वयंपाकघर मिटतं, आणि स्पेनमध्ये रात्री नऊच्या आत जेवायला गेलं तर खुर्च्याच आपल्याकडे बघत असतात. त्यामुळे बोर्दोहून सान सेबास्तियनला जायच्या दिवशी एका लाल रकान्यात 'उपाशी (?)' असं लिहिलंय. ऑगस्टमध्ये जावं तर मालक लोकच सुट्टीवर. सप्टेंबरअखेर जावं तर द्राक्षतोडणी, तेव्हा पुष्कळ वायनऱ्यांना पाहुणे नको असतात. पांढरं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी अळंबी, खायचं तर पीएमाँतमधल्या आल्बाला ऑक्टोबर उजाडायला हवा. व्हिसासाठी रात्री मोजल्या, तर फ्रान्स दहा आणि इटली दहा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. बरोबरी झाली तर जिथं पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. बरोबरीचा विचार आमच्या घराबाहेर कुणीतरी करून ठेवलाय, हे वाचून बरं वाटलं.

आणि ते रेस्टॉरंटांचे तारे! तीन तारे म्हणजे, त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. हे सांगतं कोण? टायरवाले. मिशलँ बंधूंनी १९०० साली गाईड काढलं, ते लोकांनी मोटारी जास्त हिंडवाव्यात आणि टायर झिजवावेत म्हणून. तारे आले १९२६ पासून. आता त्या ताऱ्यांपैकी एकाचं बुकिंग रात्री बारा वाजता उघडणार म्हणून आम्ही नवविवाहित दांपत्य दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन गादीवर बसलो होतो. बारा वाजून एक मिनिटानं सगळं संपलं. नंतर दोघं पाठ करून झोपलो, कारण माझं बोट म्हणे सावकाश चालतं.

तर परवाचा वर्ग. "तिकडे जाऊन हसं नको व्हायला," ही म्हणाली. म्हणून ते इथंच उरकून घ्यायची सोय. एका हॉटेलचं तळघर, लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लासांची रांग आणि मध्ये एक स्टीलची बादली. मला वाटलं, बर्फाची. माझ्या शेजारी एक काका. तळघरात घाम फुटत होता, तरी गळ्यात मफलर.

"पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं.

"हो. आम्ही हनिमूनला चाललोय."

"इथं?"

"नाही, बोर्दोला वगैरे. हा सराव."

पेन न आणता परीक्षेला बसलेल्या पोराकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नवरदेव, थुंकता येतं का?"

"येतं की."

"दाखवा."

आता हे कुणी कुणाला म्हणावं? पण तेवढ्यात पहिली वाईन आली होती. मी ती तोंडात घेतली, सगळ्यांसारखी खुळखुळवली आणि बादलीवर वाकलो. दोन थेंब बादलीत गेले. बाकीची हनुवटीवरून निघून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचली.

"ही गळती झाली," काका म्हणाले. "थुंकणं वेगळं."

मग त्यांनी करून दाखवलं. एका हाताने मफलर छातीशी धरला, मान पुढे काढली, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू केला, गाल आत ओढले. एक बारीक, सरळ धार निघाली आणि दीड फुटावरून बादलीच्या बरोबर मध्यावर पडली. आवाज नाही, शिंतोडा नाही.

"रोज अंघोळीला पाणी तोंडात घेतो आणि नळाच्या तोटीवर नेम धरतो. अकरा वर्षं झाली."

"घरचे काही म्हणत नाहीत?"

"आता नाही म्हणत."

त्या 'आता'च्या पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. "लाजता तुम्ही," ते मला समजावत होते. "लाजलं की ओठ सैल पडतात. बादलीकडे बघू नका, बादलीच्या तळाकडे बघा." तेवढ्यात माझ्या पलीकडून सुर्रकन आवाज आला. हिनं पहिल्याच फटक्यात जमवलं होतं. काका अर्धे उठलेच. "वा! यांना उपजत आहे हो!" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तुम्ही यांच्याकडून शिका."

ज्या गोष्टीसाठी लहानपणी पाठीत धपाटे खाल्ले, ती मोठेपणी बायकोकडून शिकायची. बरं, कारण पटतं. एका सकाळी वाईनची तीन तळघरं, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा ग्लास. सगळं गिळलं तर दुपारी एकमेकांची नावं विचारावी लागतील. पटतं, म्हणून तर जास्त राग येतो. चोवीस दिवस जाऊन जगातलं उत्तमातलं उत्तम तोंडात घ्यायचं आणि थुंकायचं, याला मौज म्हणायचं?

मग वासांची फेरी. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनचा ग्लास हुंगून काका म्हणाले, "मांजराचा मूत." शिकवणाऱ्या बाई खूश. पुढच्या ग्लासाला, ती रीझलिंग नावाची दुसरी पांढरी वाईन निघाली, कोपऱ्यातली एक मुलगी "रॉकेल" म्हणाली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेन्सिल तासल्याचा वासही चालतो म्हणे, तो भारी लाल वाईनींना येतो. फक्त ओला पुठ्ठा म्हणायचं नाही. तो आला तर बुचामुळे बाटली बिघडली. अशा या मांजरा-रॉकेलाच्या दरबारात चौथा ग्लास माझ्या वाट्याला आला. बाटली कागदात गुंडाळलेली. मी खोल श्वास घेतला. खरोखर, प्रामाणिकपणे, द्राक्षांचा वास आला. तसं सांगितलं.

पुढचं वर आलंच आहे. काकांनी तर मफलर तोंडाला लावला. "नवरदेव, द्राक्षांचा वास द्राक्षांना येतो. वाईनला नाही."

वाईनच्या जगात एकदा पायरी ठरली की ठरली. बोर्दोच्या वाईनींची प्रतवारी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी लावली, दलालांनी, बाजारभाव बघून. पाच पायऱ्या. दुसरीवरून पहिलीवर चढली ती एकटी मुतों रोथशिल्ड ही वायनरी, तीही १९७३ साली. ११८ वर्षं. उरलेला तास मी हीच वजाबाकी करत होतो. माझा नंबर लागेतो ही १४६ वर्षांची असेल.

शेवटी बाटल्यांवरचे कागद निघाले. चौथा ग्लास फ्रान्समधल्या अल्सासचा कोरडा, म्हणजे गोड नसलेला, मस्कट. आणि बाई सहज म्हणाल्या, "मस्कटची गंमत अशी, की वाईन झाल्यावरही तिला ताज्या द्राक्षांचाच वास येतो. असं फार कमी जातींचं होतं."

मी सावकाश काकांकडे वळलो. असा क्षण माणसाला फार वेळा मिळत नाही.

"हो, पण तुम्हाला ते माहीत नव्हतं," काका म्हणाले. "तुमचं चुकून बरोबर आलं."

समोरच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. चुकून बरोबर! नाक माझं, वास खरा, उत्तर बरोबर, आणि चूक कुठली? मांजराचा मूत यांनी कुठं चाखून पाहिला होता, ते नाही कुणी विचारलं! मी हिच्याकडे बघितलं. ती वहीत लिहीत होती, 'मस्कट – द्राक्षं.' कुणी सांगितलं, ते लिहिलं नव्हतं.

परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मीच म्हणालो, "आल्बाहून आस्ती जवळ आहे. तिथली मोस्कातो मस्कटच्याच घराण्यातली. गोडसर, बुडबुड्यांची, दारू अगदी कमी. थुंकायलाही नको. एक दुपार तिथं बसू."

हिनं फोनवर शीट उघडली. बराच वेळ बोट वर-खाली सरकत होतं.

"सतराव्या दिवशी एक तास निघेल. साडेतीन ते साडेचार."

"तिथं काय लिहिलंय आत्ता?"

"'आपण दोघं.' काढू?"

"काढ," मी म्हणालो.