योनाचा लिलाव

कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाला द्यायला पैशाचं पाकीटही चालतं, पण खरी शान मालाची. भाताचं पोतं, नाचणी, नारळ, गुळाची ढेप, एखादी शेळी. बेळगावात राहायला गेलेले लोक कुंद्याचा डबा आणतात. उपासना संपली की आवारात सगळ्याचा लिलाव. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे लोक आले, १९०४ साली अमेरिकन मेथडिस्टांनी काम हाती घेतलं, पण चढाओढीत एक नारळ दोनशेला घेणारी माणसं मात्र अस्सल इथलीच.

सणाच्या आदल्या रात्री मी आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांना बायबलातली काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट सांगितली. काइनानं देवाला शेतातलं काहीबाही नेलं, हाबेलानं कळपातलं पहिलं, पुष्ट मेंढरू नेलं, देव हाबेलावर खूश झाला. मेंढराचं पुढं काय झालं ते मी गाळलं. झोपायच्या वेळी कोण सांगणार?

सकाळी चिरंजीव काखेत योनाला घेऊन दारात उभे. योना म्हणजे त्यानं पिलापासून वाढवलेला कोंबडा. लहानपणी तीन दिवस गवताच्या गंजीत गडप होऊन जिवंत बाहेर आला, बायबलातला योना माशाच्या पोटातून आला तसा, तेव्हापासून योना.

"उत्तमातलं द्यायचं म्हणालासा की काल!"

मी हातातली पिशवी मागं घेतली. तीत दोन किलो रताळी होती, थोडी किडकी. त्यानं आत डोकावून विचारलं, "ही काइनाची काय?"

आमचे कारभारी लिलाव मराठी आणि कानडी दोन्हींत पुकारतात, कुणाची कुरकूर नको म्हणून. योनाची बोली तीनशेपासून सुरू झाली. तेवढ्यात एका काकांनी पुढं होऊन त्याची छाती चाचपली आणि बायकोला ओरडून विचारलं, "खोबरं हाय काय गं घरात?"

चिरंजीवांचा समज असा, की योना आता देवाच्या घरी, म्हणजे पाळकसाहेबांच्या परसात राहणार. खोबऱ्याचा संबंध लागायला त्याला जरा वेळ गेला. मग त्यानं माझ्याकडं जे पाहिलं, तसं मेंढरानं हाबेलाकडं पाहिलं असेल.

मी उकिडवा बसून समजावू लागलो. दिलं की आपला हक्क सुटतो, बाळा. संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो. डोळे पूस. त्याचे डोळे पुसून होईनात, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाचशे!"

काका साडेपाचशे. मी सहाशे. काकांना आता खोबऱ्यापेक्षा इज्जत महत्त्वाची झाली. साडेआठशेपर्यंत ते आले, मी नऊशे म्हटलं. कारभारी मागच्या घोळक्याकडं वळून गरजले, "ओंबैनूर!"

माझं कानडी एंटनूरपर्यंत, म्हणजे आठशेपर्यंत, पक्कं आहे. बाजारात त्यापुढची वस्तू मी घेतच नाही. मला वाटलं, मागून कुणीतरी चढवलं. मी हात वर करून ओरडलो, "हजार!"

"अहो, स्वतःच्याच वर काय चढताय?" बायको शर्ट ओढत म्हणाली, तोवर एक वार, दोन वार, तीन वार झालं होतं.

पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. "विधवेच्या दोन टोल्यांनंतर हे तुमचंच!" बायबलातल्या त्या गरीब विधवेनं जवळ होती-नव्हती ती दोन नाणी देवाला दिली होती. साहेबांच्या बोलण्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे माझं अजून ठरत नाही. माझी रताळी खोबरंवाल्या काकांनी वीस रुपयांत नेली.

वाटेत मी योनाला चिरंजीवांपुढं धरलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"देवाला दिलेल्यातलं ठेवून घेतलं म्हणून हनन्या मेला. सप्पीरा पण मेली."

रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना हे कधी शिकवलं कोण जाणे! सप्पीरा म्हणजे हनन्याची बायको; तिचं नाव ऐकून माझी बायको मात्र माझ्यापासून दोन पावलं लांबून चालू लागली.

"अरे, मी हजार रुपये मोजलेत!"

"मग तुम्हीच धरा की."

घरापर्यंत मीच धरला. फाटकाशी समेट झाला: कोंबडा देवाचा, आपण नुसते राखणदार.

सध्या अंगणात भात वाळत घातलंय आणि त्याच्या मधोमध योना उभा आहे. मी काठी उचलली की आतून हाळी येते, "पप्पा, देवाचा हाय तो!" मी काठी खाली ठेवतो. योना मान वाकडी करून माझ्याकडं बघतो आणि दुसऱ्या टोकापासून टिपायला लागतो.